फळीवरचा धावदोरा

घरातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं दुपटं मास्तरांच्या हातचं. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण आता सुईच्या नाकात दोरा जाईना. संध्याकाळी लेक पाळणा न्यायला येणार, आणि नातीला आजोबांच्या हातचं काहीच नाही? म्हणून पाळण्याच्या उशाकडच्या फळीवर वेल काढायची त्यांनी ठरवली. शेजारच्या सुतारानं लाकूड डागून नक्षी काढायचं विजेचं पेन दिलं. "दाबू नका, पळवू नका," एवढं सांगून तो कामाला गेला.

मास्तरांनी पेन टेकवलं. रेघ इथं काजळासारखी काळी, दोन बोटं पुढं दिसेनाशी. हात तोच, पेन तेच! फळीत पिवळ्या मऊ रेषा, तपकिरी टणक रेषा. पिवळीवर पेन रुते, तपकिरीवर घसरे.

"कापडाचा उभा धागा डोळे मिटून सांगेन. पण हिचा उभा धागा कुठला गं?"

"तिलाच विचारा," भाजी निवडत बायको म्हणाली.

तापलेलं टोक, समोर हट्टी फळी. मास्तरांचा हात आपसूक भाजीजवळच्या वाटीतल्या पाण्याकडं गेला आणि त्यांनी फळीवर शिंतोडे मारले.

"अहो, नक्षी काढताय की इस्त्री?"

पेन टेकवताच फळी चुरचुरली, वाफ निघाली, रेघ उमटेना. चुणी मोडावी तसं मास्तरांनी पेन दाबून धरलं. पाणी आटलं आणि भसकन बटणाएवढा काळा डाग पडला. घासून जाईना, खरवडून जाईना.

"एवढे गोंधळलेले तर बोहल्यावरही नव्हतात," बायको म्हणाली.

मास्तरांनी फळीवर फुंकर मारली. फळी वाळली. भीत भीत त्यांनी डागाच्या कडेला पेन टेकवलं आणि चटका बसावा तसं लगेच उचललं. एक इवलीशी रेघ उरली. ना रुतली, ना घसरली. पुन्हा टेकवलं, उचललं. डोळ्यांना धूसर दिसत होतं, पण बोटांना अंतर पाठ होतं. डागाभोवती चौकट झाली, मग फळीच्या कडेपर्यंत ओळ, तिच्याखाली दुसरी, तिसरी. वेल कुठं राहिली कोण जाणे.

लेक आली. फळीवरून बोट फिरवत थबकली. "बाबा, हा तर धावदोरा! आणि हे काय, ठिगळ?"

"तिथं... पाणी मारलं मी."

"लाकडावर?"

"सवय गं."

लेक खळखळून हसली. "माझ्या दुपट्यालाही होतं ना एक? इस्त्रीनं जळलं होतं तिथं?"

मास्तर बायकोकडं बघत राहिले. "होतं?"

"होतं. तेव्हाही दिवसभर असंच तोंड करून बसला होतात."

"म्हणजे नातीचं दुपटं झालंच की," लेक म्हणाली आणि पाळण्याला हात घातला.

मास्तरांनी दुसरी बाजू उचलली. दारापर्यंत जाताना त्यांचा अंगठा अजून फळीवर फिरत होता, उभा धागा शोधत.