रेघेबाहेर बोटभर

वर्ष संपत आलं की बाईंचे गुडघे आधी बोलायला लागत आणि मग मुलं. या वर्षी दोन्ही एकदमच सुरू झालं होतं. टेबलावर एक्केचाळीस वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, निकालाचे तक्ते कोरे होते, आणि दुपारी चार वाजता पालक प्रकल्प बघायला येणार होते. सातवीच्या वर्गाचा प्रकल्प म्हणजे पुठ्ठ्याची शाळा. आपली शाळा जशीच्या तशी, चार खोल्या, एक व्हरांडा आणि वर उघडझाप करता येईल असं छप्पर.

छप्पर केलं होतं सुताराच्या मुलानं. त्याला सगळे रंधा म्हणत, कारण तो समोरच्याला बोलून बोलून तासायचा. भिंती कापल्या होत्या टाचणीनं. ती शाळेसमोरच्या टेलरची मुलगी. अंगानं बारीक, बोलणं कमी, पण कात्री अशी चालवायची की पुठ्ठ्याला कळायचंही नाही आपण कापले गेलो ते.

टाचणी खळ आणायला गेली तेवढ्यात रंध्यानं छप्पर भिंतींवर ठेवून पाहिलं. भिंती दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर.

"बाई, हिनं वाट लावली सगळ्याची," तो म्हणाला. "माझं छप्पर मापात आहे. हिच्या भिंती बघा, पसरल्यात नुसत्या."

बाई उठल्या. उठताना टेबलाला धरलं. पट्टी लावून पाहिली. रंध्याचं खरं होतं. प्रत्येक भिंतीवर पेन्सिलीची सरळ रेघ होती आणि कापलेलं मात्र रेघ सोडून, बोटभर पलीकडे.

टाचणी खळीची वाटी घेऊन दारात उभी होती.

"सातवीत आलीस," बाई म्हणाल्या, "आणि रेघेवर कापता येत नाही तुला?"

"बाई, ती माया आहे."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच.

"माया-बिया मला नको सांगूस. चार वाजता लोक येतायत. सगळ्या भिंती रेघेवर काप. आत्ता."

तिनं वाटी खाली ठेवली, कात्री घेतली आणि एकेक भिंत रेघेवर कापली. कुठं कणभर इकडचं तिकडं झालं नाही. बोटभर रुंदीच्या पट्ट्या जमिनीवर पडत गेल्या. शाळेच्या मावशींनी त्या झाडून नेल्या. बाई पुन्हा वह्यांकडे वळल्या. मन एकदा दमलं की माणसाला फक्त समोरचं काम संपवायचं असतं. बरोबर-चूक नंतर बघू, असं वाटतं.

मधल्या सुट्टीपर्यंत भिंती उभ्या राहिल्या नाहीत. काठाला काठ लावून खळ लावायची, धरून ठेवायचं, आणि हात काढला की एक भिंत पुढं, दुसरी मागं. रंधा तीनदा म्हणाला, "खळ पातळ आहे." तोवर पोरांनी खालच्या पुठ्ठ्यावर काड्यापेटीचे बाक चिकटवून ठेवले होते. निदान तेवढं तरी चिकटलं होतं.

शेजारी नावांचं कार्ड होतं. 'प्रकल्प करणारे' आणि खाली चार नावं. करणारे पाच होते.

"टाचणीचं नाव?" बाईंनी विचारलं.

"ती गेली घरी," रंधा म्हणाला. "जेवायला. आली नाही परत."

बाईंनी चपला घातल्या. रस्ता ओलांडला की टेलरचं दुकान, पण त्या दिवशी तो रस्ताही लांब वाटला.

टेलर एका जुन्या फ्रॉकची शिवण उसवत होता. टाचणी खाली बसून दोरे वेचत होती. बाई आल्या तरी तिनं मान वर केली नाही.

"या बाई, बसा," त्यानं स्टूल पुढं केलं. "पाय दुखतायत वाटतं."

"ते कधी दुखत नाहीत ते विचारा. कुणाचा फ्रॉक?"

"हिच्या मावसबहिणीचा. पोरगी ताडमाड वाढली वर्षात. फेकून द्या म्हणत होती हिची मावशी. म्हटलं थांब, आत बोटभर माया ठेवलीय मी. सोडतो थोडी, निघेल अजून एक वर्ष." त्यानं शिवणीच्या आत मुडपलेलं कापड उलगडून दाखवलं. बाहेरचं विटलेलं, आतलं अजून नव्यासारखं. "मायेशिवाय कापड जोडायचं कसं? काठाला काठ कधी टिकत नाही."

बाई त्या उलगडलेल्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सकाळी तू हेच सांगत होतीस."

"हो," टाचणी म्हणाली.

"आत मुडपून चिकटवायचं होतं ते."

"हो."

"मी ऐकून घेतलं नाही."

"नाही घेतलं."

टेलरनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि मशीनचं चाक उगाचच फिरवलं.

"कापलेल्या पट्ट्या कुठं असतील गं?"

"शाळेच्या मावशींनी कधीच जाळल्या."

माफी मागायला बाईंना जड जात नव्हतं. तीस वर्षांत पोरांची पुष्कळदा मागितली होती. पण नुसत्या माफीनं भिंती उभ्या राहणार नव्हत्या, आणि पोरीचं सगळ्यांसमोर हसं झालं होतं, दुकानाच्या कोपऱ्यात नव्हे.

टेलरनं फळीवरून पांढऱ्या बुकरमची गुंडाळी काढली. "कॉलरला घालतात ते. ताठ असतं. आतून लावा."

"आतून हात जात नाही आता," टाचणी म्हणाली. "कोपऱ्यांपर्यंत बाक चिकटवलेत." तिनं बुकरम बोटांत दाबून पाहिलं. "बाहेरून लावता येईल. पण दिसेल."

"दिसू दे," बाई म्हणाल्या.

परत जाताना टाचणी पुढं पुढं होती. रस्त्याच्या मध्यावर थांबली, बाई पोचेपर्यंत.

साडेतीनला शाळा उभी राहिली. खाकी भिंती आणि प्रत्येक कोपऱ्यावर पांढरी पट्टी. छप्पर मात्र अगदी बरोबर बसलं. रंध्यानं ते दोनदा उघडून मिटवून पाहिलं.

"पाचवं नाव लिही," बाई म्हणाल्या.

"कार्डावर जागा नाही, बाई."

"मग नवीन कार्ड कर. आणि भिंती पहिल्या येतात, छप्पर नंतर. त्या क्रमानं लिही."

तो पुटपुटला, पण त्यानं लिहिलं.

चार वाजता पालक आले. हेडसरांबरोबर पहिला आला एक बस कंडक्टर, गणवेशातच. मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं शाळेभोवती एक चक्कर मारली.

"शाळेला प्लास्टर कुणी घातलं? पडली काय कुठं?"

पोरं रंध्याकडे बघायला लागली. बोलायचं काम त्याचं ठरलं होतं. पण उत्तर टाचणीनं दिलं.

"मी माया ठेवली होती. बाईंनी कापायला सांगितली."

कंडक्टर खो खो हसला. "बाईंनी माया कापायला सांगितली? ऐका, हेडसर." हेडसरही हसले, मागचे दोघे-तिघे हसले. बाईही हसल्या असत्या तर गोष्ट विनोदात निघून गेली असती. कुणाला काही वाटलं नसतं. पण टाचणी हसत नव्हती. ती बाईंकडे बघत होती.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "हिचं माप बरोबर होतं. ही सांगत होती, मी ऐकलं नाही. चूक माझी."

हसणं हळूहळू विरलं. कंडक्टरनं टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "बरं. मग ती माया म्हणजे काय ते तरी सांग, पोरी."

तिनं गळ्यातली मापाची टेप काढली आणि सांगितलं.

बाई मागच्या बाकावर बसल्या. बाक लहान होता, गुडघे पोटाशी आले. त्यांनी वह्या मांडीवर घेतल्या. त्या दुपारी तीसेक पालक आले. येईल तो पट्ट्यांबद्दल विचारायचा आणि टाचणी तेच उत्तर द्यायची, "बाईंनी कापायला सांगितली." दर वेळी माणूस वळून मागं बघायचा, आणि दर वेळी बाई वहीतून डोकं वर काढून मान हलवायच्या, हो, मीच.

विसाव्या का एकविसाव्या पालकाच्या वेळी बाईंनी सवयीनं डोकं वर केलं. पण या वेळी कुणी वळलं नाही.

"ही शिवण बाहेरून घेतलीय," टाचणी एवढंच म्हणाली, आणि तिनं छप्पर उघडून आतले बाक दाखवले.