चौदा घरांचा मिक्सर

वाशीच्या नव्या वसाहतीत टीव्ही, फ्रिज, मिक्सर आल्यावर शेजारपाजार कसा बदलतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. 'भांड्याकुंड्यांवर कसली आलीय डॉक्टरेट?' असं कॉलेजातले सहकारी तोंडावर म्हणत. म्हणोत बापडे! चार वर्षं मी हट्टाने घरोघरी फॉर्म भरत होते. मार्च पंच्याऐंशीला नोंदणीची मुदत संपत होती आणि तोवर प्रबंध दिला तरच माझी नोकरी पक्की होणार होती.

शेवटची इमारत एका रविवारी उरकली. चार मजले, सोळा घरं. प्रत्येक घरी चहाचा असा आग्रह की पाय निघू नये. आकडे मात्र झकास आले. सोळापैकी चौदा घरांत मिक्सर! चौथ्या मजल्यावर मीना राणेंच्या ओट्यावरच्या मिक्सरकडे सहज पाहिलं, तर झाकणाला लाल चिकटपट्टी. तीच मी तळमजल्यावर पाहिली होती. दुसऱ्या मजल्यावरही. मग डोक्यात प्रकाश पडला. मी एका घरी चहा पीत असताना मिक्सर पदराआडून पुढच्या घरी जात होता. समाजशास्त्राच्या बाईसाहेब कपभर चहाला भुलल्या होत्या.

तणतणत खाली उतरले. मिक्सर तळमजल्यावरच्या सुंदराबाईंचा. त्या मूळच्या जालन्याकडच्या, नवरा तळोज्याला कारखान्यात.

"म्याच दिला की फिरवायला," त्या शांतपणे म्हणाल्या. "टीव्ही नाही, फ्रिज नाही, पंखा नाही. बाईमाणसाच्या नावापुढं किती येळा नाही लिवायचं ओ?"

मी हातातले फॉर्म पिशवीत घातले. लाज वाटली, ती मात्र चांगलीच आठवते.

माझे मार्गदर्शक ओक सर वैतागले. "अरुणा, तक्ते तयार आहेत. देऊन टाक. कोण जाणार आहे झाकणं तपासायला?"

"मीच गेले होते ना, सर."

"नोकरी हातची जाईल."

"जाऊ दे."

तोंडाने म्हटलं खरं, पण त्या रात्री खोलीभाड्याचा हिशेब तीनदा मांडला. बाकीच्या इमारतींत काय काय फिरलं असेल, देव जाणे. चारशेच्या चारशे फॉर्म मी बाद केले. जूनमध्ये माझ्या जागेवर दुसरे गृहस्थ रुजू झाले. मी शिकवण्या धरल्या, पुन्हा नोंदणी केली आणि त्याच इमारतीत परत गेले. या वेळी फॉर्म नव्हता. शंभर पानी वही होती, आणि जे घरात नाही ते आहे असं का सांगावंसं वाटतं, हे विचारायचं होतं.

सुंदराबाईंकडे सात-आठ जणी जमल्या. जी ती दुसरीला पुढे ढकलू लागली. शेवटी सुंदराबाईच म्हणाल्या, "आदी तुमी सांगा, बाई. तुमच्या घरी फ्रिज हाय?"

"आहे ना," मी पटकन म्हणाले.

माझ्या भाड्याच्या खोलीत माठ होता. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या आणि माझे कान तापले होते. उठून निघून जावंसं वाटलं. गेले नाही. वही उघडून पहिल्या पानावर लिहिलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं : अरुणा सामंत, वय एकतीस. फ्रिज नाही. विचारल्यावर आहे म्हणाली.

खोलीत कोणी हसलं नाही. सुंदराबाई सरकून माझ्या शेजारी बसल्या.

"आता माजं लिवा," त्या म्हणाल्या.