दार क्रमांक बावीस

आधी तिने चौकटीवरचा खिळा उपटला, मग सर्व्हरला हात घातला.

तो खिळा तिच्या सासऱ्यांनी, बाबांनी, खोली घेतली त्याच दिवशी ठोकला होता. खोलीत व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर आणि ऑक्सिजनची मशिनं. आजाऱ्याला लागेल ते न्यायचं, गरज सरली की आणून ठेवायचं. किल्ली खिळ्यावर, म्हणजे मदतनीसांपैकी कोणीही केव्हाही उघडावं. कोणी काय नेलं याची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटचंही बाबांनी तसंच केलं होतं. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, आणि तो खोलीतल्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलेला.

गेल्या आठवड्यात त्या पासवर्डने कोणीतरी आत शिरलं. वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती झळकल्या, त्याचं एवढं काही नव्हतं. पण मशिन घरी नेलेल्यांची नावं, पत्ते, आजार सगळं उघडं पडलं. एकट्या राहणाऱ्या एका आजींच्या दारात ‘मशिन तपासायला आलोय’ म्हणत अनोळखी माणूस उभा राहिला. आजींनी दार उघडलं नाही म्हणून निभावलं.

दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या सिस्टर आल्या. खोलीकडे येणारे बहुतेक पेशंट त्यांच्याच वॉर्डातले.

“शुक्रवारी माझी पाळी संपायच्या आत मी स्वतः वेबसाइट तपासणार,” त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. “पटलं नाही, तर माझा एकही पेशंट इथे पाठवणार नाही. वाईट वाटून घेऊ नका काका.”

बाबांनी वाईट वाटून घेतलंच. सिस्टर गेल्यावर बराच वेळ ते एका वॉकरचं रबर काढत-बसवत राहिले.

सुनेने वाद घातला नाही. लग्नाच्या आधीपासून ती एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत आली होती. वेबसाइटसाठी इंटरनेटवर घेतलेली भाड्याची जागा सोडून तिने घरातला जुना कॉम्प्युटर खोलीतल्या कपाटात बसवला, त्यावर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आणि वेबसाइट दाखवणारा ओपन सोर्स, म्हणजे खुल्या रचनेचा, वेब सर्व्हर चढवला.

“म्हणजे याचं आतलं सगळं कोणालाही वाचता येतं?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“आणि माझा पासवर्ड फळ्यावर होता तर मी गाढव!”

“बाबा, याची रचना सगळ्यांना दिसते, म्हणून चूक असली तर कोणाच्या तरी नजरेला पडते आणि दुरुस्त होते. आपल्या पेशंटचे पत्ते नाही दिसत कोणाला.”

“हं,” बाबा म्हणाले. पटलं नसलं की ते एवढंच म्हणत.

पासवर्डने आत येणंच तिने बंद केलं. आता प्रत्येक मदतनीसाला स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवायची वेगळी डिजिटल किल्ली मिळणार होती. एकाची हरवली तर तेवढीच रद्द करायची. फळा पुसला. खिळा तर आधीच गेला होता. “खोलीची किल्ली आजपासून तुमच्या खिशात,” तिने बजावलं. “बाहेर काढायची नाही. आणि पेशंटचा पत्ता फोनवर कोणालाही सांगायचा नाही.”

“तुलासुद्धा?”

“कोणालाही म्हणजे कोणालाही.”

शुक्रवारी दुपारी ती घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. कपाटातल्या सर्व्हरवर तिथूनच काम चालायचं. दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक फायरवॉल: सर्व्हरला नंबर दिलेली दारं असतात, त्यातली नको ती बंद करणारा पहारेकरी. दुसरं, वेबसाइटचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र. ते नसेल तर वेबसाइट उघडताच ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, आणि सिस्टरांनी तो पाहिला की विषय तिथेच संपणार.

तिने फायरवॉलला सांगितलं, सगळी दारं बंद, फक्त वेबसाइट बघणाऱ्यांची दोन उघडी. मग खात्री करायला सर्व्हरमधून बाहेर पडली आणि पुन्हा आत जाऊ लागली. आत जाता येईना. पुन्हा केलं. नाहीच.

मग तिच्या लक्षात आलं. ती स्वतः ज्या दाराने जायची ते, बावीस नंबरचं, तिने उघडं ठेवलंच नव्हतं. पहिल्याच वर्षी शिकवतात ते हे.

आता खोलीवर जाऊन कपाटातल्या कॉम्प्युटरला पडदा आणि कीबोर्ड जोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती चपला घालायला उठली आणि थबकली. खोलीची किल्ली एकच होती. खिळा होता तोवर दुसरी करायची कोणाला गरजच पडली नव्हती, आणि खिळा उपटताना तिनेही ती करून घेतली नव्हती.

तिने फोन लावला. “बाबा, किल्ली?”

“खिशात. बाहेर काढलेली नाही.”

“मला हवीय, आत्ता. कुठे आहात?”

“एका आजोबांकडे मशिन लावतोय. त्यांचा श्वास जागेवर आल्याशिवाय मला हलता येणार नाही.”

“नका हलू. मीच येते. पत्ता सांगा.”

“पत्ता? फोनवर?”

“बाबा!”

“कोणालाही म्हणजे कोणालाही, असं कोणीतरी म्हणालं होतं.”

तिला हसूही आलं आणि रागही. “बरं, मग काय करू?”

“पाण्याच्या टाकीखाली येऊन उभी राहा. मी वरून टाकतो.”

ती जवळजवळ पळतच गेली. टाकीसमोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडली, बाबांचा हात बाहेर आला आणि रुमालात गुंडाळलेली किल्ली थेट कुंपणाच्या काटेरी झुडपात पडली. हाताला ओरखडे घेऊन तिने ती काढली. वर बघून ओरडली, “नेम छान आहे तुमचा!”

“झेलायला काय झालं होतं?” वरून आवाज आला.

वाटेत किल्लीवाल्याचं दुकान लागलं. घाई होती, तरी ती थांबली आणि दोन किल्ल्या करून घेतल्या. आज हा धडा एकदाच पुरे होता.

खोलीत पडदा जोडून तिने आधी बावीस नंबर उघडला, तोही फक्त स्वतःची डिजिटल किल्ली असणाऱ्यांसाठी. फायरवॉल चालू केली. या वेळी कपाटातल्या कॉम्प्युटरवरून बाहेर न पडताच, सोबत आणलेल्या लॅपटॉपवरून आत शिरून पाहिलं. मग प्रमाणपत्र. ब्राउझरमधला इशारा गेला तेव्हाच ती खुर्चीवर टेकली.

सिस्टरांचा फोन पाळी संपता संपता आला.

“जुना पासवर्ड टाकला, घेत नाही. यादी शोधली, दिसत नाही. आता मला सांगा, तुम्हाला स्वतःला तरी आत जाता येतं का?”

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

“येतं. दुपारी येत नव्हतं. मीच मला बाहेर ठेवलं होतं.” आणि झालं ते तिने सांगितलं, झुडपासकट.

सिस्टर हसल्या नाहीत. “काय चुकलं ते सांगणारं माणूस हवं असतं मला,” त्या म्हणाल्या. “उद्या एक बाई घरी जातायत, मशिन लागेल. नाव फोनवर देत नाही. साइटवरच्या अर्जात भरते.”

थोड्या वेळाने पडद्यावर एक नवं नाव उमटलं, पत्त्यासकट. बाहेरच्या कोणालाही ते दिसत नव्हतं, हे तिने दुसऱ्या फोनवरून तपासून घेतलं.

बाबा आले तेव्हा तिने त्यांना त्यांची डिजिटल किल्ली करून दिली. “आता ही कोणाच्या हाती लागली तरी चालू नये म्हणून हिच्यावर एक गुपित वाक्य ठेवा. फक्त तुम्हाला माहीत असलेलं.”

“तिकडे तोंड कर.”

तिने भिंतीकडे तोंड केलं. मागे एकेका अक्षराची टकटक सुरू झाली, आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणणारा बाबांचा खणखणीत आवाज.

“बाबा,” ती न वळता म्हणाली, “तोंड मिटून.”

टकटक थांबली. सगळं खोडून बाबांनी नव्याने सुरुवात केली.