‘पर्यंत’चा रकाना

रश्मी परुळेकर वकिलीणबाईंच्या कचेरीत एक नियम होता. तो ऐकून नवा माणूस आधी हसायचा आणि मग घाबरायचा. नियम असा, की इथे आपलं गाऱ्हाणं कोणी घालायचं नाही. समोरच्याचं घालायचं, आणि समोरचा ‘होय’ म्हणेपर्यंत घालत राहायचं.

हा काही पुस्तकातून काढलेला नियम नव्हता. देवळात गावकार सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणतात, ते बघत बाई वाढल्या होत्या. आपलं दुःख दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकलं की माणूस निम्मा शांत होतो, हे त्यांना कायद्याची पदवी मिळण्याआधीच कळलं होतं. पण कळलेलं वळायला वीस वर्षं गेली. ती वीस वर्षं बाई कामगार कोर्टात कडाकडा भांडल्या. भांडायला त्यांना मुळात आवडायचंच, उगाच कशाला खोटं बोला!

मग गुणाजीचा खटला झाला. बर्फाच्या कारखान्यातून काढलेला गुणाजी नऊ वर्षांनी जिंकला. त्याला कामावर परत घ्या, असा निकाल आला तेव्हा त्याचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. तो पेढे घेऊन आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “बाई, आमी जिंकलो. आता जाव खंय?” त्या दिवशी बाईंना पेढा गिळवला नाही. तेव्हापासून त्या दोन्ही पक्षांना कोर्टाची पायरी चढण्याआधी समोरासमोर बसवायच्या. मालवणात, काथ्याच्या दुकानावरच्या माडीवर, एक गोल टेबल आणि तीन खुर्च्या.

जानेवारीतल्या त्या सकाळी दोन खुर्च्यांवर दोन फुगलेली तोंडं बसली होती.

एक तोंड यमुनाबाईंचं. खैरवण्याच्या यमुनाबाई अकरा वर्षं किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात रांधत होत्या. त्यांच्या हातच्या बांगड्याच्या तिकल्यासाठी, त्या तिरफळाच्या कालवणासाठी, लोक खोल्या आरक्षित करत, समुद्र काय, नंतरही बघता येतो. दुसरं तोंड देवेशचं, म्हणजे रिसॉर्टच्या नव्या मॅनेजरचं. मूळ कसालचा, पण जन्म मुंबईतला. गणपतीपुरता गाव बघितलेला. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रिसॉर्ट गच्च भरलेलं असताना, यमुनाबाई चार दिवस कामावर आल्या नाहीत. देवेशने नोटीस पाठवली, ती ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आली. मग त्याने काम सोडून गेल्याचं पत्र काढलं. आता गोव्याचा एक स्वयंपाकी ठरला होता आणि तो उद्या सकाळी रुजू होणार होता. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच. आज जमलं नाही तर यमुनाबाईंची चूल गेली आणि मागे उरलं कोर्ट. कोर्ट म्हणजे काय, ते गुणाजीला विचारा.

“माका कोर्टात जावचा नाय,” यमुनाबाई आल्या आल्या म्हणाल्या. “माका माजी चूल व्हयी. आनि ता पत्र माज्या नावावरसून पुसून व्हया.”

“मॅडम, मी नियमानेच केलंय सगळं,” देवेशने फाइल पुढे सरकवली.

बाईंनी फाइल उघडली. वरच रजेचा अर्ज होता. नाव लिहिलेलं. कारण, गावपळण. ‘पासून’च्या रकान्यात तारीख. ‘पर्यंत’चा रकाना कोरा. आणि त्यावर तांबड्या पेनाने आडवं लिहिलेलं, ‘अपूर्ण. नामंजूर.’

बाईंना आतल्या आत एक शिवी सुचली. ती त्यांनी गिळली, कारण मध्यस्थाने शिव्या द्यायच्या नसतात. गावपळण म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाने कौल दिला की अख्खं खैरवणं वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून सगळे राहतात. तीन रात्री झाल्या की देवाला पुन्हा कौल लावायचा. दिला तर परत, नाही दिला तर आणखी एक रात्र. यंदा चार झाल्या होत्या. मग ‘घर बंद’ नाहीतर काय शेरा येणार? पोस्टमन बिचारा रिकाम्या गावातून कोंबडंसुद्धा न दिसता परतला असेल.

“तारीख का नाही घातलीत, यमुनाबाई?”

“कशी घालू?” यमुनाबाईंचा आवाज चढला. “परत कदी फिराचा, ता देव सांगतलो. मी आदीच तारीख घातलंय तर देवाक हुकूम सोडल्यासारख्या होयत नाय?”

“आणि मी काय करायचं?” देवेशही चढला. “कॉम्प्युटरमध्ये ती तारीख घातल्याशिवाय रजा पुढेच सरकत नाही! मला वाटलं, ह्या माझी फिरकी घेतायत. नवा आहे ना मी.”

“झालं?” बाई म्हणाल्या. “आता नियम. यमुनाबाई, तुम्ही देवेशरावांचं गाऱ्हाणं घाला.”

“ह्येचा? ह्येचा गाऱ्हाणा मी कित्याक घालू?”

“कारण तुमचं ते घालणार आहेत.”

यमुनाबाईंनी पदर खोचला, समोरच्या पोराकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि देवळात सुरुवात करतात तशीच केली. “बा देवा म्हाराजा, ह्यो झिल मुंबैसून इलो. ह्येचो पयलोच सीजन. चाळीस मानसा जेवाक बसलेली आनि रांदपीन नाय.”

“होय,” देवेश म्हणाला.

“ह्येना माका फोन लावल्यान. माजो फोन खोपीत बंद पडललो, थंय लायट खंयची? ह्येका वाटला, रांदपीन दुसऱ्या हाटेलात गेली.”

“होय. वेंगुर्ल्याचे हॉटेलवाले तुमच्या मागे होते, ते मी ऐकलं होतं.”

“मगे...” यमुनाबाई अडखळल्या. “मगे रांदलान कोणी?”

नियमात हे बसत नव्हतं, पण बाईंनी अडवलं नाही.

“मी,” देवेश खाली बघत म्हणाला. “तुमचं बघून बघून. चारही दिवस. तिरफळं मिक्सरला लावून घातली.”

“बियांसकट?”

“बियांसकट.”

यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. अकरा वर्षांचं त्यांचं तिकलं चाळीस माणसांनी कडू-कडू म्हणत थुंकलेलं त्यांना डोळ्यांसमोर दिसली असणार. त्यांना राग यायला हवा होता. आली ती दया. “अरे माज्या कर्मा,” त्या म्हणाल्या, “आनि लोकांची बोलणी तू एकटो खाल्लंस?”

“होय,” देवेश म्हणाला, आणि हे ‘होय’ आधीच्यांपेक्षा बरंच मऊ होतं.

आता त्याची पाळी. तो सरसावून बसला. परीक्षेला तयारी करून आलेल्या मुलाची असते तशी त्याच्या चेहऱ्यावर खात्री होती. “यमुनाबाई अकरा वर्षं काम करतात. त्यांनी अर्ज दिला होता. तो अपूर्ण म्हणून मी नामंजूर केला.”

यमुनाबाई खिडकीकडे वळल्या.

“त्यांना न विचारता काम सोडल्याचं पत्र काढलं. ते गावात सगळ्यांना कळलं. त्यांची नाचक्की झाली.”

यमुनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या तोंडून ‘होय’ निघेना.

“त्यांच्या जागी दुसरा माणूस ठरवला?”

खाली दुकानात कोणीतरी सुंभाच्या गुंड्या मोजत होतं. देवेशने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. काय सांगायचं राहिलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि असल्या वेळी माहीत नसलेलंच बरं, असा त्यांचा अनुभव होता. मात्र त्यांना धाकधूक होती. इथे गाडं अडलं तर मोडायचंच. त्यांनी तसं मोडलेलं पाहिलं होतं.

देवेशने तो अर्ज पुन्हा हातात घेतला. कोऱ्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. हळूहळू त्याचे कान लाल झाले.

“त्यांनी काउंटरवर सांगितलं होतं, तारीख देव सांगेल,” तो म्हणाला. “सगळा स्टाफ उभा होता. मी म्हटलं, मग पगारपण देवाकडूनच घ्या.” त्याने अर्ज खाली ठेवला. “आणि मी हसलो. मी हसलो म्हणून सगळे हसले.”

यमुनाबाईंनी खिडकीवरून नजर काढली. डोळे भरले होते, पण आवाज देवळातल्यासारखा खणखणीत निघाला.

“व्हय म्हाराजा.”

बाईंच्या अंगावर काटा आला. वीस वर्षांत कोणत्याही निकालाने तो आला नव्हता.

“चुकलो, काकी,” देवेश म्हणाला. इतका वेळ तो यमुनाबाई म्हणत होता, ते कुठे गेलं त्यालाही कळलं नाही.

“चुकलंस, ता खरा,” काकी नाक पुसत म्हणाल्या. “पन कबूल केलंस. मोठे लोक तेवडा पन करनत नाय.”

पुढचं काम बाईंचं, म्हणजे टायपिंगचं. समझोत्याचं पहिलं कलम, काम सोडल्याचं पत्र मागे घेतलं आणि फाइलमधून काढलं. दुसरं, चार दिवस रजा मंजूर. तिसऱ्यापाशी बाई थोड्या रेंगाळल्या. मग त्यांनी लिहिलं, की खैरवण्याच्या कामगारांनी गावपळणीसाठी रजा मागितल्यास ‘पर्यंत’च्या रकान्यात ‘कौल मिळेपर्यंत’ एवढं पुरेसं धरावं, आणि कौल लागताच कामगाराने फोन करावा. असलं कलम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. बाईंना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

“आणि कॉम्प्युटरचं काय?” देवेशने विचारलं.

“त्याला तुम्ही समजवा. मी माणसांची मध्यस्थ.”

देवेश गॅलरीत गेला आणि गोव्याच्या स्वयंपाक्याला फोन लावला. तो बराच वेळ माफी मागत असल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. तो परतला तेव्हा कागदावर एकच जागा कोरी होती. पुन्हा रुजू होण्याची तारीख.

“सोमवार घालूया?” बाईंनी विचारलं. “दोन दिवस विश्रांती घ्या.”

यमुनाबाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. “ह्या तारखेक देवाक इचारूक नको,” त्या म्हणाल्या आणि एकेक आकडा दाबून त्यांनी आजची तारीख लिहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून उठल्याच. “चल रे झिला, स्कूटर काड. बारा वाजले. बांगडे हाडलंस की नाय?”

“आणलेत.”

“आनि तिरफळांक हात लावू नको.”

दोघं जिना उतरून गेली. बाई गॅलरीत उभ्या राहिल्या. स्कूटरवर मागे बसलेल्या यमुनाबाई पिशवी छातीशी धरून त्याला काहीतरी बजावत होत्या, आणि तो मान हलवत होता.

बाई आत आल्या, समझोत्याची प्रत घेऊन कपाटापाशी गेल्या आणि ती गुणाजीच्या निकालाच्या वर ठेवली. गुणाजीला कामावर परत पोचायला नऊ वर्षंही पुरली नव्हती. यमुनाबाई दुपारच्या पंगतीला पोचणार होत्या.