गुलाबी जातं

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, आणि दुष्काळाचंही दुसरंच. उदगीरच्या गल्लीतली गिरणी विजेअभावी बंदच असायची. म्हणून मडिवाळप्पांनी मुखेडहून एसटीच्या टपावर घालून लेकीच्या सासरी जातं आणून पोचवलं. ते माघारी गेले, आणि नीलाबाईंनी सुनेच्या त्या जात्यावर अंगणात पाणी ओतलं.

"अगं बया! काच हाय की ह्याच्यात! उन्हात कशी चकाकून राहिली बघ."

सून शिवगंगा पुढं झाली. "न्हाई आत्याबाई, आमच्याकडचा दगडच तसा गुलाबी."

"आमचं जुनं जातं काळं कुळकुळीत व्हतं. ह्याचं पीठ लेकरांना घालू? उद्याच धाडते माघारी."

बापाच्या दारात जातं परत उतरलं, तर मुखेडच्या बाजारात तो मान वर करणार नाही. शिवगंगेला रडू फुटलं.

आवाज ऐकून शेजारचे पंचाक्षरी गुरुजी आले. त्यांनी वाढवलेल्या बांगडीचा हिरवा तुकडा मागितला आणि जात्यातल्या एका गुलाबी खड्यावर दाबून ओढला. पांढुरकी रेघ उठली. पुसून पाहिलं तर खाली चरा नाही. बांगडीचं टोकच झिजलेलं.

"काचेपेक्षा कडक आहे, वैनी. हे फेल्डस्पार नावाचं खनिज. पाक सावकाश निवला की खडीसाखरेचे खडे मोठे होतात ना? तसा हा दगड जमिनीच्या पोटात हळूहळू निवला. तुमच्या काळ्या दगडाचा रस वर येऊन पसरला, लवकर थिजला. फेल्डस्पार त्यातही भरपूर, पण डोळ्यांना दिसेना इतका बारीक."

"म्हंजे आमच्याबी जात्यात हेच?"

"ह्याचाच चुलतभाऊ."

नीलाबाई विरघळल्या नाहीत. "काचेहून कडक म्हंता, मग दाताखाली आला तर दात जाईल की, गुरुजी!"

गुरुजी खुश झाले. "बरोबर विचारलंत! फेल्डस्पार कुजला की पांढरा, मऊ पडतो, मग दगड कण सोडतो. हा तर चकाकतोय, म्हणजे ताजा आहे. तरी माझं ऐकू नका, दळून बघा."

शिवगंगेनं आधी कोंडा दळून टाकून दिला, जातं धुऊन वाळवलं, मग मूठभर ज्वारी घातली. नीलाबाईंनी चिमूटभर पीठ तोंडात टाकलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"कचकच न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती. मग पदर खोचून समोर बसल्या आणि खुंट्याला हात घातला. "सरक तिकडं. एकटीनं ओढून हात भरून येतील तुझे."

शिवगंगेनं कोंडलेला श्वास असा सोडला, की पीठ उडून सासूबाईंचं नाक पांढरं झालं.