जीनचं मत

"आई, बाबा कधीपासून एवढे नम्र झाले?"

कॉनीने लॅपटॉप आईकडे, अर्लीनकडे वळवला. रविवारचं चर्च आटोपून दोघी मायलेकी जेवायला बसल्या होत्या आणि ताटातले कोबीत गुंडाळलेले खिम्याचे गोळे निवत चालले होते. इंटरनेटच्या नव्या नियमांवर सरकारच्या दूरसंचार खात्याने लोकांची मतं मागवली होती आणि ती कोणालाही वाचायला खुली होती. त्यात भलत्यांच्याच नावाने मतं घुसडल्याची बातमी टोलेडोच्या पेपरात आली, म्हणून कॉनीने गंमत म्हणून वडिलांचं नाव टाकून पाहिलं. ते निघालं. यूजीन टोथ, म्हणजे घरातला जीन, खाली याच घराचा पत्ता.

अर्लीनने चष्मा चढवला. 'मी आदरपूर्वक विनंती करतो, की इंटरनेट कंपन्यांवरील जाचक निर्बंध उठवावेत आणि जास्त शुल्क भरणाऱ्या संकेतस्थळांना जलद मार्ग देण्याची मुभा कंपन्यांना असावी.'

"तारीख बघ," कॉनी म्हणाली.

तारीख जुलैची होती. जीनला त्याआधीच, फेब्रुवारीत पुरलं होतं. जमीन इतकी गोठली होती, की खड्ड्यासाठी यंत्र आणावं लागलं होतं.

"मेल्यावर माणूस सुधारतो म्हणायचा," अर्लीन म्हणाली खरी, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

जीन कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करायचा. संध्याकाळी हात धुऊन झाले की कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि जगाला सरळ करायला घ्यायचा. प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवणं हा अन्याय आहे. बिनड्रायव्हरच्या गाड्या ओहायोच्या बर्फात दोन दिवस टिकणार नाहीत. पासवर्ड सारखा बदलायला लावणारा माणूस मूळचा जेलर असला पाहिजे. विज्ञानातलं त्याला सगळं कळत होतं असं नाही, पण ज्यावर त्याचं मत नाही असा विषय अजून निघायचा होता. लिहिताना तो अर्धी वाक्यं मोठ्या अक्षरांत ठोकायचा आणि समोरच्याला पहिल्या ओळीत 'अहो महाशहाणे' म्हणायचा. 'आदरपूर्वक' हा शब्द त्याने बिशपशी बोलतानासुद्धा वापरला नसता.

आणि या जलद मार्गावरून तर घरात रणं माजली होती. कारण अर्लीनचा जन्म महामार्गाच्या टोलनाक्यावर गेला होता. खोपटात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे घेणं आणि उलट बोलणाऱ्याला जागच्या जागी गार करणं, हे तिचं काम. जास्त पैसे मोजणाऱ्याला मोकळी वाट मिळाली तर कोणाच्या पोटात का दुखावं, हे तिला कधीच कळलं नाही. जीन टेबलावर मूठ आपटायचा, ती पातेलं आपटायची. तो तिला टोलराणी म्हणायचा आणि ती त्याला ढवळ्या म्हणायची, मशिनमधला पाणी ढवळणारा दांडा असतो ना, तसा.

सोमवारी सकाळी तिने खात्याला फोन लावला.

"मत मागे घ्यायचं असेल तर ज्यांनी नोंदवलं त्यांनीच अर्ज करावा लागतो, मॅडम," पलीकडचा पोरगा म्हणाला.

"ते कॅल्व्हरीच्या स्मशानात आहेत. तिथे फोन जोडून देतोस?"

"म्हणजे... तसा नियम आहे, मॅडम."

"मग नोंदवून घेताना कुठे गेला होता तुझा नियम? तेव्हा कोणी विचारलं का, बाबा रे, तू जिवंत आहेस का?"

पोराने तक्रार लिहून घेतली, पण मत जागच्या जागी राहिलं. संध्याकाळी कॉनी आली तेव्हा अर्लीनने पुढचा बेत सांगून टाकला. या बनावट मतांवर गुरुवारी वाचनालयात जाहीर सुनावणी होती, लोकप्रतिनिधी ऐकून घेणार होते. तिथे जाऊन ती सगळ्यांसमोर सांगणार होती, की हे जीनचं मत नाही.

"आई, एक बोलू? रागावू नकोस." कॉनीने खुर्ची पुढे ओढली. "त्यात लिहिलंय ते तुझंच मत आहे. शब्दन् शब्द. बाबांशी तू यावरूनच भांडायचीस. मग कशाला एवढा आटापिटा?"

"म्हणूनच."

"म्हणजे?"

"म्हणजे तू येणार आहेस का गाडी घेऊन, तेवढं सांग."

गुरुवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. ज्यांच्या नावाने परस्पर मतं गेली होती असे बरेच जण आले होते, त्यांत शेजारचा म्हातारा टोरोकही होता. त्याच्याकडे तर कॉम्प्युटरच नव्हता. अर्लीनची पाळी आली तेव्हा तिने पर्स कॉनीच्या मांडीवर ठेवली आणि माइक आपल्या उंचीला खाली ओढला. तारीख सांगितली, फेब्रुवारी सांगितला, खात्यातल्या पोराचं उत्तर सांगितलं. लोक हसले. सुनावणीच्या अध्यक्षबाईही हसल्या.

कंपन्यांच्या बाजूने एक करड्या सुटातला वकील बसला होता. त्याने हात वर केला.

"आम्हाला तुमच्या दुःखाची कल्पना आहे, मिसेस टोथ. पण असं झालं नसेल का, की आजारपणात तुमच्या मिस्टरांचे विचार बदलले, आणि त्यांची इच्छा म्हणून घरातल्या कोणी ते नंतर नोंदवलं? घरात या मताचं कोणी होतं का?"

कॉनीने मान खाली घातली. आई जे उत्तर देणार ते तिला ठाऊक होतं, आणि त्या उत्तराने सगळं आईवरच शेकणार हेही ठाऊक होतं. नाही म्हटलं असतं तरी कोणाला कळणार होतं? घरातली भांडणं घरातच झाली होती.

"होतं ना," अर्लीन म्हणाली. "मी."

हॉलमध्ये कुजबुज उठली. वकील खुर्चीत मागे रेलला.

"रेलू नका एवढ्यात," अर्लीन म्हणाली. "मला आजही तसंच वाटतं. जो जास्त देईल त्याने पुढे जावं. पण मला मत द्यायचं असतं तर माझं नाव आहे ना मला! नवऱ्याचं कशाला उसनं घेऊ? आता विचार बदलल्याचं म्हणाल, तर दवाखान्यात नाकात नळी असताना तो नर्सला सांगत होता, इथलं वायफाय बघ, पैसे भरणाऱ्या खोल्यांना पळतं आणि आम्हाला रांगतं. सगळा जन्म मी त्या माणसाशी वाद घातला. प्रेमाने सांगितलं, रागाने सांगितलं, जेवण बंद करून पाहिलं. तो तसूभर हलला नाही. मला जिवंतपणी जे जमलं नाही, ते तुम्ही तो मेल्यावर कसं जमवलंत, तेवढं मला सांगा."

टोरोकने काठी जमिनीवर आपटली आणि टाळ्या पडल्या. वकिलाने समोरचे कागद उचलून फायलीत ठेवले.

टाळ्या थांबल्यावर अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "मिसेस टोथ, खात्याकडून ते मत निघेलच असं वचन मी देऊ शकत नाही. पण इथे बोललेलं सगळं छापील नोंदीत जातं आणि कायम राहतं. तुमच्या मिस्टरांचं खरं मत काय होतं, ते सांगता का? तुम्हाला जमेल तसं."

एवढ्याची अर्लीनने तयारी केली नव्हती. त्या घरात जीनची बाजू मांडणं हे काम तिच्याकडे कधी आलंच नव्हतं. तिने माइकची दांडी धरली. मग तिला कळलं, की काही आठवावं लागत नाहीये. पाठ होतं सगळं.

"अहो महाशहाणे," तिने सुरुवात केली आणि अध्यक्षबाईंकडे बघून म्हणाली, "हे तुम्हाला नाही, त्याची पद्धत होती ती. तर अहो महाशहाणे, मी जन्मभर मशिनं दुरुस्त केली. आत महापौराचा शर्ट आहे का माझी चड्डी, हे मशीन विचारत नाही. फेरे तेवढेच. तुमचं काम तार ओढायचं आणि तारेचं भाडं घ्यायचं. तारेतून कोणाचं काय जातंय ते बघायचं नाही. आज तुम्ही श्रीमंताचं पान आधी दाखवाल, उद्या म्हणाल गरिबाचं पान सापडतच नाही. माझ्यासारखा माणूस रात्री जेवून चार ओळी लिहितो. त्या मोठ्यांच्या ओळींइतक्याच वेगाने पोचल्या पाहिजेत. चुकीच्या असल्या तरी पोचल्या पाहिजेत. मग लोक मला खुशाल गाढव म्हणोत. पण आधी पोचू द्या!"

शेवटचं वाक्य तिने मोठ्या अक्षरांतच म्हटलं. मागच्या बाकावर कोणीतरी शिट्टी वाजवली. कॉनी डोळे पुसत हसत होती.

"आणखी काही, मिसेस टोथ? थोडा वेळ आहे तुमच्याकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आणखी होतं. महामार्गावर ट्रक मोटारीपेक्षा जास्त टोल का भरतो, या तिच्या प्रश्नाचं उत्तर जीनला कधीच देता आलं नव्हतं. वाद इथवर आला, की तो पाणी प्यायला उठायचा. तो प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला, तिने तोंड उघडलंही.

"नाही," अर्लीन म्हणाली. "त्याचं एवढंच म्हणणं होतं." आणि ती जागेवर जाऊन बसली.