माझ्या कागदावरचं मधलं नाव

मी एक छोटी निळी गाडी. वय वर्षं अकरा. सांगायला लाजत नाही. आमच्यात वय कागदावरच लिहिलेलं असतं.

कारखान्यातून निघाले ती थेट पियानोचे सूर लावणाऱ्या एका आजोबांच्या दारात. माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण माझ्याशी भरभरून बोलायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ची चिठ्ठी लागली. सात आठवडे कुणी फिरकलं नाही. फार जिव्हारी लागलं हो!

मग एक जोडपं आलं, परदेशातून इथे नोकरीसाठी आलेलं. बायको दूध तपासायच्या प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळा गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. नवऱ्याने मोठ्या जाणकारासारखी माझ्या टायरला लाथ मारली. तिने मात्र मायदेशी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा चाळीस वर्षं मेकॅनिक.

“बॉनेट उघड. फोन इंजिनाजवळ धर. जावईबापू, जरा गप्प बसा!”

मी जीव मुठीत धरून धडधडत राहिले.

“खोकतेय थोडी,” बाबा म्हणाले, “पण फुप्फुसं ठणठणीत आहेत. घे, बाळा.”

व्यवहार ठरला. घोडं अडलं ते नोंदणी कार्यालयात. कारकूनबाईंनी दोन कागद शेजारी ठेवले. “पासपोर्टवर तीन नावं, रहिवासी कार्डावर दोनच. या दोन वेगळ्या बायका झाल्या.”

“हे मधलं माझ्या बाबांचं नाव. कार्ड छापताना गाळलंय.”

“मग आधी कार्ड दुरुस्त करून आणा. तीन आठवडे लागतील.”

बाहेर येताच नवरा म्हणाला, “माझ्या नावावर करून टाकू. पाच मिनिटांचं काम.”

“चालवणार मी, नाव तुझं? आणि बाबांना का म्हणून गाळायचं?”

तो वरमला. सही करायला आजोबाही आले होते. ते हळूच म्हणाले, “तोवर राहू दे माझ्या नावावर. मला कसली घाई?”

मी तिच्या दारात उभी होते, पण कागद होईपर्यंत चालवायची नाही म्हणून तीन आठवडे ती सायकलने कामावर गेली. रोज वाऱ्याशी भांडून यायची, पण आल्यावर माझ्या टपावर थाप मारल्याशिवाय घरात शिरायची नाही.

नवं कार्ड आलं. कारकूनबाईंनी एकेक अक्षर विचारून तिन्ही नावं टाइप केली. कागद हातात पडताच ती बाहेर माझ्यात येऊन बसली आणि तिने तिथूनच व्हिडिओ कॉलवर तो बाबांना दाखवला.

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“अगं, जन्मभर लोकांच्या गाड्यांखाली झोपलो,” ते म्हणाले, “गाडीच्या कागदावर नाव आज लागलं.” आणि फोन एकाएकी छताकडे वळला. बराच वेळ आम्हाला नुसता पंखा दिसत होता.

आता माझं बरं चाललंय. दर रविवारी आजोबांना फिरवून आणते. ते शेजारी बसून वळणं सांगतात.

एकच विनंती आहे. तिच्या देशात चालक दुसऱ्या बाजूला बसतो. त्यामुळे आमची बाई अजून कधीकधी चुकीच्या दाराने आत बसते आणि स्टिअरिंग शोधते. तेव्हा मागून हॉर्न वाजवू नका. ती स्वतःशीच हसते, उतरते, वळसा घालून येते. तेवढं थांबा. मीही थांबते.